दागिन्यांवर न्याय्य व्यापाराची मोहोर : खाणीपासून घडणावळीपर्यंत

नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅरी हे २०२० च्या जनगणनेनुसार १,७४,७२१ लोकवस्तीचे शहर आहे. रिसर्च ट्रँगल परिसरातील माहिती-तंत्रज्ञान आणि औषधनिर्मिती उद्योगांमुळे येथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी हे मुहूर्त सातासमुद्रापलीकडेही पाळले जातात आणि घरात लग्न ठरले की मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी यांची यादी येथेही तयार होते. खरेदी जवळपासच्या भारतीय सराफाकडे होवो की भारतवारीत पुण्या-कोल्हापूरच्या पेढीवर, प्रश्न ठरलेले असतात. सोने किती कॅरटचे? घडणावळ किती? जुन्या दागिन्यांची मोड कोणत्या भावाने घेणार? हे सोने जमिनीतून कोणी काढले, दागिना कोणी घडवला आणि त्यांच्या पदरात काय पडले, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

कॉफी, चहा, कोको, केळी, कापूस यांच्या बाबतीत हाच प्रश्न काही दशकांपूर्वी विचारला गेला आणि त्यातून ‘न्याय्य व्यापार’ अर्थात फेअर ट्रेडची प्रमाणपत्रे आली. ती दागिन्यांच्या उद्योगाला लागू करण्याचे प्रयत्न पंचवीसेक वर्षे चालू आहेत. त्यांना कोठवर यश आले, ते कोठे अडले आणि मराठी माणसाचा या साखळीशी काय संबंध आहे, याचा हा आढावा.

साडेतीन डॉलरचा गोळा

या प्रश्नाचे एक जुने उदाहरण नॉर्थ कॅरोलायनाच्याच इतिहासात आहे. कॅरीपासून मोटारीने दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर कॅबेरस काउंटीत रीड सोन्याची खाण आहे. आज ते राज्य सरकारने जतन केलेले ऐतिहासिक स्थळ आहे. १७९९ मध्ये कॉनराड रीड या बारा वर्षांच्या मुलाला तेथील ओढ्यात १७ पौंड वजनाचा, म्हणजे सुमारे पावणेआठ किलोंचा, पिवळा दगड सापडला. अमेरिकेतील सोन्याच्या शोधाची ही पहिली कागदोपत्री नोंद मानली जाते. तो दगड काय आहे हे घरच्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तो काही वर्षे दाराला अडसर म्हणून लावला. १८०२ मध्ये फेएटव्हिल येथील एका सोनाराने ‘किंमत सांगा’ म्हटले, तेव्हा कॉनराडच्या वडिलांनी, जॉन रीड यांनी, साडेतीन डॉलर मागितले आणि ते त्यांना मिळाले. त्या गोळ्याची खरी किंमत सुमारे ३,६०० डॉलर होती.

पुढच्याच वर्षी, १८०३ मध्ये, त्याच जमिनीत पीटर नावाच्या एका गुलाम कामगाराला २८ पौंडांचा गोळा सापडला. तो शेजारच्या कुणा सोनाराला कितीला विकला गेला असता, हा प्रश्न पीटरपुरता उद्भवतच नव्हता. कारण ते सोने त्याचे नव्हतेच.

या दोन घटनांत दोन वेगळे अन्याय आहेत. रीड कुटुंब सोन्याचे मालक होते, पण बाजारभाव ठाऊक नसल्याने फसले. पीटरच्या हातून सोने निघाले, पण त्याच्या श्रमावर त्याचाच हक्क नव्हता. आजची मजुरी आणि त्या काळची गुलामगिरी यांची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. तरीही प्रश्नांचे हे दोन प्रकार वेगळे ठेवले, तर न्याय्य व्यापाराच्या प्रमाणपत्राने दागिन्यांच्या उद्योगात काय साधले आणि काय राहून गेले, हे नीट समजते. एक प्रश्न मालाच्या भावाचा आहे, दुसरा श्रमाच्या मोबदल्याचा.

न्याय्य व्यापाराची मूळ चौकट

न्याय्य व्यापाराची मोहोर प्रथम कॉफीवर उमटली. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवेलार’ या नावाने ती सुरू झाली. निरनिराळ्या देशांतील अशा संस्था १९९७ मध्ये एकत्र आल्या आणि आजची ‘फेअरट्रेड इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. अमेरिकेतील ‘फेअर ट्रेड यूएसए’ ही संस्था २०११ च्या अखेरीस या संघटनेतून बाहेर पडली. त्यामुळे अमेरिकी दुकानांत आज न्याय्य व्यापाराच्या एकाहून अधिक मोहोरा दिसतात आणि त्यांचे निकषही एकसारखे नाहीत.

या पद्धतीचे तीन आधार आहेत. पहिला, किमान भाव : बाजार कोसळला तरी उत्पादकाला ठरावीक रकमेपेक्षा कमी मिळू नये. दुसरा, अधिभार : भावाव्यतिरिक्त एक रक्कम उत्पादकांच्या संघटनेला मिळावी आणि ती शाळा, पाणी, दवाखाना किंवा अवजारे यांवर कशी खर्च करायची हे सभासदांनी ठरवावे. तिसरा, तपासणी : बालमजुरी, सक्तीची मजुरी, घातक रसायने यांबाबतचे नियम पाळले जातात की नाही, हे बाहेरच्या तपासनिसांनी पाहावे. म्हणजे ही चौकट मुळात लहान शेतकऱ्यासाठी आखली गेली. त्याच्याकडे थोडी जमीन आहे आणि माल आहे, पण घासाघीस करण्याची ताकद नाही. रीड कुटुंबाच्या अडचणीवरचा हा उपाय आहे.

कॉफीच्या मळ्यातून खाणीकडे

हीच चौकट सोन्याला लावण्याची कल्पना लॅटिन अमेरिकेत रुजली. कोलंबियातील चोको या घनदाट जंगलाच्या प्रदेशात ‘ओरो व्हेर्दे’, म्हणजे हिरवे सोने, या उपक्रमाने पारा न वापरता सोने काढणाऱ्या स्थानिक कुटुंबांना थेट ग्राहक मिळवून दिला. त्याच अनुभवातून २००४ मध्ये ‘अलायन्स फॉर रिस्पॉन्सिबल मायनिंग’ ही संस्था स्थापन झाली. तिने आणि फेअरट्रेडने मिळून निकष तयार केले आणि १४ फेब्रुवारी २०११ रोजी, व्हॅलेंटाइन दिनाचे निमित्त साधून, ब्रिटनमध्ये प्रमाणित सोन्याचे दागिने बाजारात आले. बोलिव्हियातील कोटापाटा ही सहकारी खाण या प्रमाणपत्राची पहिली मानकरी होती.

२०१३ मध्ये दोन्ही संस्था वेगळ्या झाल्या. तेव्हापासून ‘फेअरट्रेड’ आणि ‘फेअरमाइन्ड’ अशा दोन स्वतंत्र मोहोरा आहेत. कान चित्रपट महोत्सवाचे ‘पाम द’ओर’ हे मानचिन्ह २०१४ पासून आणि नोबेल शांतता पुरस्काराचे पदक २०१५ पासून फेअरमाइन्ड सोन्यातून घडवले जाऊ लागले. पेरूतील काही खाण-संघटनांनी, आणि पुढे युगांडातील लहान खाणकामगारांनीही, फेअरट्रेडचे प्रमाणपत्र मिळवले.

लहान खाणींवर एवढा भर का, याचे कारण आकड्यांत आहे. जगात दरवर्षी ३,००० टनांहून अधिक सोने खाणींतून निघते आणि त्यातील अंदाजे एक पंचमांश हिस्सा हाताने किंवा साध्या यंत्रांनी खणणाऱ्या लोकांच्या कष्टातून येतो. अशा लोकांची संख्या दीड ते दोन कोटींच्या घरात धरली जाते. खडकाच्या चुऱ्यात पारा मिसळायचा, पारा सोन्याला धरून ठेवतो, मग तो गोळा तापवून पारा उडवून लावायचा, अशी त्यांची पद्धत आहे. ही वाफ बहुतेकदा घराच्या अंगणात, मुलाबाळांच्या देखत निघते. माणसाच्या हातून होणाऱ्या पारा-प्रदूषणाचा सर्वांत मोठा स्रोत हाच आहे. २०१७ मध्ये अंमलात आलेल्या मिनामाता कराराने त्याची स्वतंत्र दखल घेतली.

ग्राहकाला या न्यायाची किंमत किती पडते? फेअरट्रेडच्या निकषांत लहान खाणीला लंडनच्या भावाच्या किमान ९५ टक्के रक्कम मिळावी अशी अट आहे, आणि वर किलोमागे २,००० डॉलरचा अधिभार. फेअरमाइन्डमध्ये हा अधिभार किलोमागे ४,००० डॉलर आहे. पारा व सायनाइड न वापरता काढलेल्या सोन्याला तो ६,००० डॉलर आहे. २,००० डॉलर किलोमागे, म्हणजे ग्रॅममागे दोन डॉलर. दोन तोळ्यांच्या बावीस कॅरटच्या मंगळसूत्रात सुमारे २१.४ ग्रॅम शुद्ध सोने असते. त्यावरचा अधिभार सुमारे ४३ डॉलर होतो. सोन्याचा भाव ग्रॅममागे १०० डॉलर धरला, तर ही वाढ दोन टक्क्यांची आहे. भावातील एका आठवड्याचा चढउतारही कधीकधी याहून मोठा असतो. शुद्धीकरण, वेगळी साठवण, परवाना यांचा खर्च त्यात मिळवला तरी, ‘परवडत नाही’ हे प्रमाणित सोने दुर्मीळ असण्याचे मुख्य कारण ठरत नाही.

खरे कारण सोन्याच्या स्वभावात आहे. कॉफीचे पोते वेगळे ठेवता येते. सोने मात्र मुशीत वितळले की त्याची ओळख पुसली जाते. दहा खाणींचे, जुन्या दागिन्यांचे आणि तस्करीचे सोने एकाच लगडीत मिसळले, तर कोणत्याही प्रयोगशाळेला ते मागाहून वेगळे काढता येत नाही. म्हणून खाणीपासून दुकानापर्यंत प्रत्येक टप्प्यावर प्रमाणित सोन्याची आटणी वेगळी करावी लागते. मोठ्या कारखान्याला हा त्रास वाटतो आणि लहान सोनाराला त्याच्या हाती येणाऱ्या थोड्या सोन्यासाठी तो झेपत नाही.

प्रत्येक शिक्का काय सांगतो?

दुकानात दागिना दाखवताना अनेक प्रमाणपत्रे पुढे केली जातात. त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत आणि ग्राहकाची गल्लत येथेच होते.

*हॉलमार्क.* भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी ही योजना २००० मध्ये सुरू केली. १६ जून २०२१ पासून ती पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाला. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घातला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि शुद्धता समजते. सोने कोठून आले आणि दागिना कोणाच्या हातून घडला, हे समजत नाही.

*अमेरिकी कॅरट-शिक्का.* अमेरिकेत १९०६ चा शिक्का-कायदा आहे. त्यानुसार दागिन्यावर शुद्धता छापणे सक्तीचे नाही. मात्र छापली तर ती खरी असली पाहिजे आणि सोबत निर्मात्याचे नोंदणीकृत चिन्ह असले पाहिजे. हाही केवळ शुद्धतेचाच दाखला आहे.

*किंबर्ली प्रक्रिया.* २००३ पासून अंमलात असलेली ही व्यवस्था फक्त कच्च्या हिऱ्यांना लागू आहे. बंडखोर गट मान्यताप्राप्त सरकारविरुद्धच्या युद्धासाठी ज्या हिऱ्यांतून पैसा उभारतात तेवढेच ‘संघर्ष-हिरे’, अशी तिची व्याख्या आहे. सरकारी फौजांनी केलेला अत्याचार किंवा पैलू पाडणाऱ्या कामगाराची मजुरी तिच्या कक्षेत येत नाही. झिम्बाब्वेतील मारांगे खाणींच्या प्रश्नावर असमाधान व्यक्त करून ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था २०११ मध्ये तीतून बाहेर पडली. हिरे व रंगीत रत्नांसाठी फेअरट्रेडचे स्वतंत्र मानक नाही. टांझानियात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मोयो जेम्स’सारख्या उपक्रमांतून महिला खाणकामगारांची रत्ने थेट ग्राहकापर्यंत नेली जातात, पण त्यांचा आवाका मर्यादित आहे.

*रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल.* २००५ मध्ये उद्योगानेच स्थापन केलेली ही संस्था सभासद कंपन्यांची तपासणी करते. तिच्या आचारसंहितेत मजुरी, सुरक्षितता आणि बालमजुरी यांविषयी कलमे आहेत. न्याय्य व्यापारातील किमान भाव आणि अधिभार मात्र तिच्यात नाहीत. रशियन हिऱ्यांच्या कंपनीबाबत संस्थेने घेतलेल्या भूमिकेवरून २०२२ मध्ये काही बडे सभासद तिच्यातून बाहेरही पडले.

*पुनर्वापराचे सोने.* ‘नव्या खाणीची गरज पडली नाही’ हा त्याचा दावा आहे. मराठी घरांना ही कल्पना नवी नाही. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या करणे म्हणजे हेच. परंतु ही मोड कोण वितळवते आणि कोणत्या परिस्थितीत, हे त्या लेबलावर लिहिलेले नसते.

खाण आणि दुकान यांच्या मधले हात

येथून पुढे या साखळीत मराठी माणूस प्रत्यक्ष दिसू लागतो.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि साताऱ्यातील खटाव, माण हे तालुके पावसाच्या छायेतील आहेत. शेती पोटाला पुरेना, तेव्हा तेथील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायात शिरले आणि देशभर पसरले. केरळपासून बिहारपर्यंत सराफ बाजारांच्या मागच्या गल्ल्यांत विटा-खानापूरकडचे गलाई व्यावसायिक आढळतात. मोडीचे दागिने, कातरण आणि सोनाराच्या दुकानातील झाडलोटीचा कचरासुद्धा त्यांच्याकडे येतो. तो आटवून, नत्राम्लात उकळून अशुद्ध धातू विरघळवतात आणि शुद्ध सोने मागे उरते. या प्रक्रियेत तांबूस-पिंगट रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यात त्याला धुऊन काढणारी यंत्रणा असते. दहा बाय दहाच्या खोलीत फार तर एक पंखा आणि धुराडे असते. ‘पुनर्वापराचे सोने’ हे शब्द अशा खोल्यांतूनही बाहेर पडतात.

मुंबईच्या झवेरी बाजारात घडणीचे काम मुख्यतः पश्चिम बंगालमधून आलेले कारागीर करतात. काम आणि झोप एकाच खोलीत, हे तेथील अनेक कारखान्यांचे जुने वास्तव आहे. अलीकडच्या वर्षांत मुंबई महापालिकेने हवाप्रदूषणाच्या कारणावरून तेथील धुराड्यांवर कारवाई केली. कारवाई बाहेर जाणाऱ्या धुरावर झाली. आत बसणाऱ्याच्या छातीत किती धूर जातो, हे मोजणारी यंत्रणा त्या कारवाईचा भाग नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील हुपरी शतकाहून अधिक काळ चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, ओळखली जाते. रेंदाळ, यळगूड आणि सीमेपलीकडील मांगूर अशा आसपासच्या गावांतही हा धंदा घरोघर चालतो. आटणी एका घरी, तार ओढणे दुसऱ्या घरी, कड्या जोडणे आणि घुंगरू बसवणे तिसऱ्या घरी. या शेवटच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मजुरी बहुधा वजनावर ठरते. घर हीच कामाची जागा असल्याने कामाचे तास, अपघात, आजारपण यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर होत नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

याउलट मुंबईतील अंधेरीच्या ‘सीप्झ’ निर्यात क्षेत्रातील चित्र वेगळे आहे. तेथून दागिने मोठ्या प्रमाणात अमेरिकेला जातात. अमेरिकी साखळी दुकानांच्या अटींमुळे तेथील अनेक कारखान्यांत तपासनीस येतात, हजेरीपट पाहतात, हवा खेळती आहे का ते बघतात. यातून एक विसंगती निर्माण झाली आहे. कॅरीतील एखाद्या मॉलमध्ये विकली जाणारी अंगठी घडवणाऱ्याची विचारपूस निदान कागदावर तरी झालेली असते. त्याच शहरातील मराठी घरात लग्नासाठी आलेले मंगळसूत्र किंवा बारशाचे वाळे घडवणाऱ्याची विचारपूस मात्र कोणीच केलेली नसते, कारण ती व्हावी असे ग्राहकाने कधी म्हटलेलेच नाही.

घडणावळ जाते कोठे?

सराफाच्या बिलावर सोन्याच्या किमतीनंतर ‘घडणावळ’ ही ओळ असते. नावावरून ती घडवणाऱ्याची मजुरी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात दुकानाचा खर्च, नफा, घट आणि कारागिराची मजुरी असे सगळे मिसळलेले असते.

शिवाय ही घडणावळ बहुतेक ठिकाणी सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत लावली जाते. उदाहरणार्थ, सोने ग्रॅमला ५,००० रुपये असताना दहा टक्के घडणावळ ५०० रुपये होते. भाव १०,००० झाला की तीच १,००० होते. बांगडी तीच, नक्षी तीच, लागणारे तासही तेवढेच. कारागिराची मजुरी रोख रकमेत, वजनावर ठरलेली असेल, तर ती मात्र भावाबरोबर आपोआप वाढत नाही. उलट भाव चढले की ग्राहक हलके दागिने घेतो, आणि हलक्या दागिन्यावर काम तेवढेच किंवा अधिक नाजूक असूनही वजनावरची मजुरी घटते.

न्याय्य व्यापाराची सध्याची चौकट या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही. फेअरट्रेड व फेअरमाइन्डची मोहोर खाणीतील भावाची आणि तेथील श्रमाची ग्वाही देते. सोने खाणीबाहेर पडल्यावर ते वेगळे ठेवले गेले एवढेच पुढच्या टप्प्यांत प्रामुख्याने पाहिले जाते. कारागिराकडे स्वतःचे सोने नसते; ते सराफाचे असते. त्याला विकायला माल नाही, फक्त हात आहेत. शेतकऱ्यासाठी आखलेला किमान भाव त्याच्या उपयोगाचा नाही. त्याला हवी आहे ती किमान मजुरी, सुरक्षित जागा आणि संघटित होऊन बोलण्याची संधी.

विस्ताराचे तीन मार्ग

पहिला मार्ग संस्थेला प्रमाणित करण्याचा. ‘वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन’ ही १९८९ मध्ये स्थापन झालेली संघटना एकेका मालाला नव्हे, तर सबंध संस्थेला मान्यता देते. योग्य मोबदला, कामाची परिस्थिती, पारदर्शकता अशा दहा तत्त्वांवर ती संस्थेचा कारभार तपासते. दिल्लीच्या ‘तारा प्रोजेक्ट्स’सारख्या संस्थांनी याच चळवळीतून मणी व धातूंचे दागिने परदेशी नेले. सोन्या-चांदीच्या क्षेत्रात हा मार्ग फारसा वापरला गेलेला नाही. परंतु हुपरीसारख्या ठिकाणी जोडकाम करणाऱ्या स्त्रियांची सहकारी संस्था उभी राहिली, तर तिला याच पद्धतीने मान्यता मिळू शकते. सहकाराचे शिक्षण कोल्हापूर जिल्ह्याला नव्याने द्यावे लागणार नाही.

दुसरा मार्ग सरकारी मानकाचा. शुद्धतेचे मानकही कामगाराचे आरोग्य सुधारू शकते, याचे उदाहरण प्रत्येक मराठी घरात परिचित आहे. ‘केडीएम’ हा शब्द अनेक वर्षे उत्तम दागिन्याची खूण समजला जाई. वास्तविक केडीएम म्हणजे कॅडमियममिश्रित धातूने दिलेला जोड. त्यामुळे दागिन्याचा कस टिकत असे, पण जोड देताना निघणारी कॅडमियमची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना इजा करते. भारतीय मानकाने हॉलमार्कच्या दागिन्यांत असा जोड अमान्य केला आणि बाजार बदलला. म्हणजे मानकाने मनावर घेतले, तर ते सोनाराच्या शेगडीपर्यंत पोहोचते. आज एचयूआयडीच्या सहा अक्षरांमागे सराफ आणि तपासणी केंद्र यांची नोंद असते. त्याच नोंदीत घडण करणाऱ्या कारखान्याचा नोंदणी क्रमांक जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

तिसरा मार्ग ग्राहकाच्या मागणीचा. सीप्झमधील तपासण्या कायद्यापेक्षा ग्राहकाच्या दडपणाने सुरू झाल्या. परदेशस्थ भारतीय ग्राहक लग्नसराईत भारतीय पेढ्यांना मोठा व्यवसाय देतो; त्याच्या प्रश्नाला वजन आहे.

या मार्गांवर एक धोकाही आहे. अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात काँगो व शेजारील देशांतील कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांचा उगम जाहीर करण्याची अट घातली. हेतू चांगला होता. परंतु तपासणीची कटकट नको म्हणून अनेक खरेदीदारांनी त्या प्रदेशातून माल घेणेच थांबवले आणि असंख्य प्रामाणिक खाणकामगारांची रोजीरोटी बुडाली. प्रमाणपत्राचा खर्च लहान कारागिराच्या माथी मारला किंवा प्रमाणपत्र नाही म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली, तर हुपरीत आणि झवेरी बाजारातही तेच घडेल. मोठा यांत्रिक कारखाना प्रमाणपत्र सहज मिळवील आणि हातकाम करणारा बाजूला पडेल. म्हणून तपासणीचा खर्च विक्रेत्याने उचलावा आणि कारागिराला सुधारणेसाठी मुदत मिळावी, या दोन अटी कोणत्याही विस्तारात महत्त्वाच्या ठरतात.

खरेदीदाराने काय विचारावे?

कॅरीतील असो वा कोल्हापुरातील, ग्राहकाला आज पूर्णपणे न्याय्य ठरलेला दागिना सहज मिळणार नाही. काही गोष्टी मात्र त्याच्या हातात आहेत.

नवे सोने घ्यायचे असल्यास ‘एथिकल’, ‘रिस्पॉन्सिबल’ अशा मोघम शब्दांऐवजी कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे ते विचारावे. अमेरिकेत फसव्या पर्यावरणीय दाव्यांबाबत संघीय व्यापार आयोगाने २०१९ मध्ये काही हिरे विक्रेत्यांना लेखी ताकीद दिली होती. त्यामुळे दाव्याचा आधार मागणे हा ग्राहकाचा रास्त अधिकार आहे. पुनर्वापराचे सोने असेल, तर ते कोणत्या शुद्धीकरण केंद्रातून आले हे विचारावे. भारतात घेतलेल्या दागिन्याचा एचयूआयडी ॲपवर तपासावा. घडणावळ टक्क्यांत न लावता ग्रॅममागे ठरावीक रकमेत लावता येईल का आणि तिच्यातील कारागिराची मजुरी वेगळी दाखवता येईल का, हेही विचारावे. पहिल्यांदा विचारल्यावर बहुतेक सराफांकडे उत्तर नसेल. हॉलमार्कबद्दल पहिल्यांदा विचारले गेले, तेव्हाही अनेकांकडे ते नव्हते.

फेएटव्हिलच्या त्या सोनाराने १८०२ मध्ये कायद्याचा भंग केला नव्हता. विकणाऱ्याने मागितले तेवढे त्याने दिले. न्याय्य व्यापाराची चळवळ त्या व्यवहारातील उणीव ओळखते आणि खाणीच्या तोंडाशी ती काही प्रमाणात भरूनही काढते. पीटरचा प्रश्न मात्र अजून उरला आहे. ज्याचे सोने नाही, फक्त श्रम आहेत, त्याचा हिशेब कोणत्या शिक्क्यावर मांडायचा? दागिन्यांचे प्रमाणपत्र विट्याच्या गलाईवाल्यापर्यंत आणि हुपरीच्या ओसरीवर घुंगरू जोडणाऱ्या बाईपर्यंत पोहोचेल, तेव्हाच ‘न्याय्य’ हा शब्द संपूर्ण दागिन्याला लागू होईल.